क्लचची पिन

बाबा, तुझी पिकप सुरू झाली. आज सकाळी सुनेनं चावी फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि मग एवढा काळा धूर सोडला की शेजारणीनं वाळत घातलेल्या कुरड्या उचलून घरात नेल्या. इंजिन चालतं, चाकांत हवा आहे, पण गाडी अंगणातून हलत नाही, कारण क्लचच्या दांड्यात घालायची पिन सापडत नाही. आम्ही तिघांनी सगळं अंगण धुंडाळलं. तुझा नातू चाकांच्या खुर्चीत बसून ‘माय, तिकडं पाय, कुंडीखाली पाय’ करत होता आणि मी कुंडीखाली पाहत होते. पिन माझ्या पदराच्या गाठीत होती. आताही आहे.

हे मी सांगते आहे आणि सून लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, ते तुला सांगायला नको. शाळेच्या वाटेवर म्हशी आडव्या येतात म्हणून तूच मला घरी ठेवलंस, आणि मग त्याच म्हशी चारायला पाठवलंस. सून म्हणाली, ‘आई, मी सगळं शुद्ध करून लिहीन.’ म्हटलं, लिही बापा, वर गेलेल्या माणसाले शुद्धच लागत असन. पण पिनीचं ऐकलं आणि तिचा पेन थांबला. ‘लिही वं,’ म्हटलं, ‘मले मारायचं असन तर कागद भरल्यावर मार.’

तू गेलास तेव्हा तुझ्या नातवाला मिसरूड फुटत होतं. पुढे तो नागपूरला इतवारीत टेम्पो चालवू लागला, धान्याचा माल पोचवायचा. मागच्या वर्षी गोदामात पोत्यांची थप्पी त्याच्या पाठीवर कोसळली. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा कमरेखालचं काही त्याचं ऐकत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. घास तोंडाशी नेला की म्हणे, ‘मले काहून वाचवलं, माय?’ ह्याला काय उत्तर द्यायचं असतं, बाबा? मी म्हणायची, ‘तुले नाही वाचवलं गा, डॉक्टरले सराव करायचा होता.’ आधी आधी थोडा हसायचा. मग तेही बंद झालं. माझ्या जिभेचं काही चालेनासं झालं की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. आणि एक दिवस तो भिंतीलाच म्हणाला, ‘आजोबाची पिकप हाये का अजून?’

होती. कुहीला तुझ्या गोठ्याच्या मागे उभी होती, भावानं तिच्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. साखळी लावून ओढत नागपूरला आणली, तेव्हा वाटेभर पिसं उडत होती. खालचा पत्रा पापडासारखा झालेला, बोट लावलं की आरपार. पण हा पोरगा कित्येक महिन्यांनी भिंतीपासून वळला. पायानं दाबायचं सगळं हातानं चालेल असं करायचं, हे त्याच्या डोक्यात. त्याला गाडीखाली जाता येईना, म्हणून गोणपाट अंथरून मी गेले. ह्या वयात, बाबा! तो खुर्चीतून नावं सांगायचा, मला नावं कळायची नाहीत. मग तो म्हणायला शिकला, ‘माय, थे सराट्यासारखी पट्टी दिसते का? तिच्या बाजूले कढल्यासारखं हाये ते सोड.’ अशी सगळी गाडी आम्ही स्वयंपाकघरातल्या उलथण्या-कढल्यांवरून खोलली. बंद पडलेल्या हापशीचा दांडा कापून गल्लीतल्या वेल्डरनं क्लचचा दांडा केला. गंज घासता घासता तो ओरडला, ‘माय, सारी गाडी सडली, मडगार्डवरचे हे दोन चट्टे काहून चकाकून राहिले?’ म्हटलं, ‘थे बैलाचे खांदे हायेत.’ बैलजोडी विकून तू गाडी घेतलीस आणि पोळ्याच्या आदल्या सांजेला त्या मडगार्डांचीच खांदशेकणी करायचास, पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायचास, उद्या जेवायला ये म्हणून गाडीला आवतन द्यायचास. गाव हसायचं. तुझ्यामागे भाऊही करायचा, आतल्या कोंबड्यांसकट. तुपानं तेवढ्या जागी गंज धरला नाही. पोरगा त्या चट्ट्यांवर हात फिरवून इतका हसला की मी गाडीखाली तशीच पडून राहिले. बाहेर आले असते तर माझं तोंड दिसलं असतं.

मग त्यानं ड्रायव्हरच्या बाजूची सीट काढून टाकली. म्हणाला, चाकांची खुर्ची ठेवायला जागा पाहिजे. खरं आहे, पाहिजेच. सून म्हणाली, मागे ठेवू, मी बाजूला बसेन. ‘नाही,’ म्हणाला, ‘पहिल्या बारीले मी एकटाच जाईन. सोबत कोणी नको.’ कुठे जाशील विचारलं तर म्हणे, पाहू. तेव्हापासून तो हसून राहिला आहे, बाबा. जेवतो, शेजाऱ्यांशी बोलतो, त्याचे चांगले सदरे त्यानं मित्राला देऊन टाकले. म्हणे, ‘बसल्या माणसाले इतके सदरे कशाले?’ ह्या हसण्याला मी घाबरते. भिंतीकडे तोंड करून पडला होता तेव्हा निदान कुठे आहे ते कळत होतं. म्हणून काल लेथवाल्यानं पिन करून आणून दिली आणि मी ती उचलली. किती दिवस पुरणार? लेथवाला उद्या दुसरी करून देतो म्हणाला आहे.

आता तुला विचारायचं ते विचारते. माझा नवरा तापानं गेला आणि ह्याला कडेवर घेऊन मी कुहीला आले, तेव्हा मी बोलत नव्हते, खात नव्हते. तू समजावलं नाहीस. बादली पुढ्यात आदळून खेकसलास, ‘बसून काहून राहिली? गाडी धू.’ मी धुतली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चिखलानं बरबटलेली. पुन्हा धुतली. मी चिडून म्हणायची, ‘रोज कोणत्या डबक्यात लोळवून आणतं गाडी?’ तू म्हणायचास, ‘रस्ताच तसा हाये, मी का करू?’ फार वर्षांनी मायनं सांगितलं, चांगला रस्ता सोडून तू मुद्दाम धानाच्या चिखलभरल्या बांधीतून गाडी आणायचास.

आणि मग एका सकाळी गाडी स्वच्छ उभी होती. मी बादली घेऊन आले तर धुवायला काहीच नाही. ‘आज नाही मळली,’ तू म्हणालास आणि माझ्याकडे पाठ करून बाजेवर सुतळी वळत बसलास. मी विहिरीवर गेले. बाबा, त्या दिवशी मी पाणी आणायला गेले नव्हते. किती वेळ उभी होते कोण जाणे. खाली एक बेडूक माझ्याकडे असा टक लावून बघत होता की मला त्याचा राग आला. मी बादली भरली आणि परत आले. तू वळला नाहीस. पण तुझ्या पुढ्यात पडलेली सुतळी मी पाहिली. सगळी उलटी वळलेली, सुटून पडत होती.

तुला कसं कळलं, की आज गाडी मळवायची नाही? का तुलाही काही कळलं नव्हतं, आणि तू नुसताच जीव मुठीत धरून बसला होतास? दिवसभर मी हेच चघळते आहे. मला वाटतं, तुला कळलं नव्हतं.

सुनेला म्हटलं, माझी गाठ सोड, माझी बोटं धड नाहीत आज. तिनं सोडली. पिन तिनं मुठीत धरली. म्हणाली, ‘आई, काही झालं तर?’ मी तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं. ती बाहेर गेली, पिन पुढच्या चाकापाशी टाकून आली आणि पुन्हा पेन घेऊन बसली आहे. बाहेरून तो ओरडला, ‘माय, सापडली! चाकापाशीच होती, तुले दिसत कसं नाही?’

हा कागद चुलीत जाईल. घरात राहिला आणि त्याच्या हाती लागला तर अजून एक भानगड. तुझ्यापर्यंत तो कसाही पोचणार नाही, म्हणून एवढं सांगते. अंगणात हातोडीचे ठोके पडून राहिले आहेत. तुझ्यासारखी पाठ करून बसायचं ठरवलं होतं मी, निवडायला तांदूळही घेतले. जमत नाही, बाबा. मी खिडकीशी उभी आहे.