कलम तिसरे: भाचीचे कॉलेज

मी, खाली सही करणार, धंद्याने न्हावी, वय चौसष्ट, राहणार दुकानाच्याच माडीवर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर फारच गोड बोलले, म्हणून लिहून ठेवलेले बरे. जगलो-वाचलो तर यातले सगळे मी स्वतःच्या हाताने करीन.

१. दुकान आणि माडीवरच्या खोल्या माझ्या बहिणीला. नवरा गेल्यापासून ती दोन मुलांना घेऊन इथेच राहते, आणि तेव्हापासून या घरात माझे काही चाललेले नाही. ते एक बरेच झाले.

२. खुर्च्या, आरसे, वस्तरे आणि कात्र्या माझ्या कारागिराला. रेडिओ मात्र त्याला देऊ नये. तो आवाज फार मोठा ठेवतो.

३. बँकेतली मुदत ठेव भाचीच्या कॉलेजसाठी. ती एकाच मुलाच्या शिक्षणाला पुरेल एवढी आहे, म्हणून कारण लिहितो. भाचा मोठा, आणि हुशार. बारावीत असताना त्याने शिष्यवृत्तीचे विचारले, तेव्हा त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्याच खुर्चीत, तोंडाला फेस लावलेला असताना म्हणाले, "आधी निकाल तर लागू दे!" निकाल झकास लागला. तोवर सगळ्या शिष्यवृत्त्यांच्या मुदती टळून गेल्या होत्या, आणि ही ठेव तेव्हा नव्हती. भाचा टेम्पो चालवू लागला. कधी कॉलेजातही सामान पोहोचवतो, पण घरी येऊन चकार शब्द काढत नाही. मुख्याध्यापकांवरचा राग मी कोणालाही देत नाही. तो मला लागतो.

भाचीच्या वेळी मी शहाणा झालो. ती नववीत गेल्यापासून दुकानातल्या वर्तमानपत्रांतून शिष्यवृत्तीच्या जाहिराती कापत आलो. गिऱ्हाइके बोंब मारायची, "अहो, कालच्या सामन्याची बातमी कुठे गेली?" ती जाहिरातीच्या मागच्या बाजूला असायची, त्याला मी काय करणार! एक शिष्यवृत्ती उंच मुलींसाठी निघाली. भाची आरशासमोर टाचा उंचावून उभी राहिली आणि आम्ही पोट धरून हसलो. दुसरी न्हाव्यांच्या संघाची होती, पण ती न्हाव्याच्या पोटच्या मुलांना, भाच्यांना नाही. मी तिला एवढेच शिकवले, की खालची बारीक अक्षरे आधी वाचायची. नकार ढिगाने आले. गेल्या मंगळवारी पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा होकार आला: फी, वसतिगृह, पुस्तके, सगळे. मला रडू आवरेना. अर्ध्या दाढीचे गिऱ्हाईक तसेच ताटकळत बसले.

तरीही ठेव तिच्याच नावे राहील. मार्क घसरले तर शिष्यवृत्ती बंद होते. ती म्हणते, "मामा, दादाला द्या ना." तो म्हणतो, "माझं चाललंय. तिचंच असू दे." मी एकदा लिहिलेले खोडत नाही.

४. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून: वरचे एखादे कलम कोणत्याही कारणाने बाद ठरल्यास त्यातले सर्व भाच्याला मिळावे.

सह्यांच्या वेळी घडलेले इथेच जोडतो, उद्या वाद नको. मी सही केली, मग औषधांच्या दुकानदारांनी साक्षीची केली. दुसरे साक्षीदार, शेजारचे शिंपी, आलेच नाहीत. भाची म्हणाली, "आणा, मी करते. अठरा पूर्ण झालीत मला."

वकीलसाहेब म्हणाले, "अगं, तुला यात मिळणार आहे. तू साक्षीदार झालीस तर तुझं कलमच बाद होईल."

"माहितीये. आणि बाद झालेलं कोणाकडे जातं, तेही वाचलंय."

मी ओरडेपर्यंत सही होऊनही गेली. भाचा टेम्पोची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. तिने कॉलेजचा अर्ज त्याच्यापुढे धरला. "दादा, शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

त्याने आधी खालची बारीक अक्षरे वाचली. मग किल्ली खिशात टाकत म्हणाला, "पेन दे."

मला हे सर्व मान्य आहे, आणि मनापासून आनंद आहे.

ठिकाण: माझे दुकान, मधली खुर्ची
दिनांक: महिन्याचा शेवटचा रविवार

लिहून ठेवणार: मामा (सही)

साक्षीदार:
१. औषधांचे दुकानदार (सही)
२. भाची (सही). या मृत्युपत्रात हिला काहीही मिळत नाही.