इंदापूरची नक्कल

४ मे

ऋतिकला इंदापुरात एसी! आणि मला बारामतीच्या ऑफिसातनं गावोगाव हिंडणं. या दूध सेंटरचा काटा, त्या सेंटरचा प्रिंटर. डेअरी एकच, नशीब दोन. त्याचं काम काय, तर इकडं दुधाची नोंद झाली की तिची नक्कल आपोआप तिकडच्या मशीनवर जाती. बारामतीचं उद्या जळलं-बुडलं तर असावी म्हणून. म्हणजे आमचं जळायची वाट बघत बसायचा पगार!

आई म्हणती, तुझ्याच चुलत्याचा पोरगा ना? बघ जरा त्याच्याकडं.

बघतोय की. दुसरं काय करतोय.

९ मे

डाळजचा काटा बघायला निघालो आणि पळसदेवला थांबलो. धरणाचं पाणी उतरलंय, बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलंय. मासे धरणाऱ्यांजवळ बसलो — दुपार गेली. डाळज राहिलंच. ऋतिक असं कधी करत न्हाय म्हणं.

१३ मे

बॅटरी द्यायला इंदापूरला गेलो. ऋतिक जेवायला गेलेला. पडद्यावर लाल अक्षरं — नक्कल बंद, ७ मेपासून. आणि हा गडी गप! जीव कसा गार झाला.

परत आल्या आल्या राजेश्वरी मॅडमना सांगितलं. ऑफिस त्यांच्याच हातात हाय. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." मला असं कुणी म्हणत न्हाय.

१५ मे

ऋतिकला बोलावलं, सगळ्यांपुढं विचारलं. बारामतीची लाइन मीच तोडली, म्हणाला. का, ते शेवटपर्यंत न्हाय सांगितलं. मॅडमनी घरी बसवला. त्याची खुर्ची मला!

किल्ली देताना म्हणाला, "लाइन जोडायच्या आधी पणदऱ्याच्या सेंटरचं मागचं वर्ष बघून घे, भावा. दोन्हीकडचं."

जाता जाताबी शिकवतोय!

१६ मे

बघितलं. इथं इंदापुरात पणदऱ्याच्या सगळ्या नोंदी हायत. बारामतीत कायच न्हाय. सात तारखेला तिकडचं मशीन भरलं म्हणून ते जुनं मीच पुसलं होतं — इंदापुरात नक्कल हाय की, म्हणून. पुसणंबी तसंच इकडं पोचतं, हे मला कुठं ठाऊक! ते पोचायच्या आत ऋतिकनं लाइन तोडली, पुसणाऱ्याचं नावबी बघितलं असणार. तरी गप राहिला.

आता लाइन जोडली की इथलंबी जाणार. मग पुसलं कुणी, कुणालाच काय कळणार न्हाय.

मॅडमचा फोन आला. जोडलीस का रे?

"न्हाय," म्हणालो. "ऋतिकला बोलवा. त्याच्यापुढंच सांगतो."