डावी बाजू तुमची

बाबा, तुमच्या नातीला हातात धरून खेळायचा नवीन गेम आणलाय. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, तिच्या बापालाही पाहिलं नाहीत, पण तुमचे जावई कसे आहेत ते एवढ्यावरून कळेल की पोरीची परीक्षा व्हायच्या आधीच बक्षीस आणून मोकळे झाले. मी चिडले. म्हटलं, निकाल तरी लागू द्यायचा होता. तर दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि खोका माझ्याच पुढ्यात सरकवला. "आई, तूच उघड," पोरगी म्हणाली. मी कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि उघडला. आई खिडकीपाशी वाल सोलत बसली होती, तिनेही मान वर केली.

आपल्या त्या जुन्या गेमसारखा नाही हो तो. आपला कसा राखाडी, पोकळ, पाठीला दोन पेन्सिल सेल, आणि सेलचं झाकण सारखं निघायचं म्हणून आईने चिकटपट्टी मारलेली. हा काळाभोर, लांबट, हातात घेतला की चांगला वजनदार लागतो. पडदा असा लख्ख की त्यातली नदी खरंच ओली वाटते, मी बोट लावून बघितलं तर पोरगी ओरडली, "आई, डाग पडतील!" थोडा वेळ चालला की पाठ कोमट होते आणि कान दिला तर आत बारीक पंखा फिरतो. मला वाटलं, आल्या आल्या बिघडला. सुरुवातीला भाषा विचारतो, मी खाली खाली जात राहिले, मराठी काही सापडली नाही. अक्षरं मुंगीएवढी, चष्मा शोधून आणावा लागला. पण एक झकास केलंय मेल्यांनी. दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या होतात. ओढली की टक् करून हातात येते, एक तुम्ही घ्या, एक दुसऱ्याला द्या. मी ती लगेच परत जागेवर बसवून टाकली.

पहिला खेळ लावून दिला पोरीने. पाठीवर पिशवी घेतलेली एक बारकी मुलगी डोंगरवाटेने चालत जाते, ओढे ओलांडते, असा काहीतरी. मी दोन्ही हातांनी धरला आणि माझा उजवा अंगठा बटणांवर असा जाऊन बसला जसा काही कालच उठला होता तिथून. बटण दाबलं की ती मुलगी उडी मारते. मी दाबलं, तिने मारली. परत दाबलं, परत मारली. उड्यांवर उड्या, एकाच जागी.

"अगं आई, पुढे जा ना! नुसत्या उड्या काय मारतेस?"

"कसं जायचं पुढे?"

"डाव्या अंगठ्याने. ती गोल दांडी आहे ना, ती पुढे ढकल."

मी डाव्या अंगठ्याकडे बघितलं. बसलेला आपला ढिम्म. मी मनात म्हणतेय ढकल, ढकल, आणि तो हलला की भलतीकडेच, मुलगी ओढ्यात. तिघंही हसले, मीही हसले. मग पोरगी म्हणाली, "थांब, डावा मी घेते, तू फक्त उड्या मार," आणि तिने टक् करून डावी मूठ ओढून काढली. आणि माझं डोकंच फिरलं, बाबा. मी केवढ्याने ओरडले, "ठेव ती! ठेव म्हटलं ना!"

पोरगी पांढरीफटक पडली. आईने वालाची परात बाजूला केली, उठली, आतल्या कपाटातून तुमच्या रुमालात गुंडाळलेला तो राखाडी डबा आणून पोरीच्या मांडीवर ठेवला. मग मला म्हणाली, "सांग आता तिला. वराडलीस ना, मग सांग."

मग मी सांगितलं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तिथेच होता. पण तुम्ही होता ते माझ्या डाव्या बाजूला, माझ्या बाजूने कसं दिसत होतं ते तुम्हाला कुठे ठाऊक? खोपोलीच्या पुढच्या त्या कारखान्यात कागद कापायच्या मशीनने तुमच्या उजव्या हाताची बोटं नेली, तेव्हा मी चौथीत. घरी आलात ते हात सदऱ्याखाली लपवूनच. तुम्ही, ज्यांना भिसेगावात कोणी चहाला थांबवलं तर तासभर परत यायचा नाहीत, ते तुम्ही कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागलात. जेवायचं डाव्या हाताने, आणि तेही दार लावून. कोणी दारात आलं की ताट अर्धवट टाकून उठायचात. आई एकदा रडून म्हणाली, "अवो, पोटाला तरी खावा," तर तुम्ही म्हणालात, "डाव्या हातानं खाऊ व्हय चार मान्सात?" मी ओट्याखाली बसून हे ऐकत होते.

आणि एक दिवस ड्रेसिंग करून येताना बाजारातून तुम्ही तो गेम घेऊन आलात. हाताला पांढरं बोचकं बांधलेलं, आणि दुसऱ्या हातात दोन हातांनी खेळायचं खेळणं! आईने कपाळावर हात मारला. "काय आनलंत ह्ये?" तुम्ही म्हणालात, "पोरीला कायतरी खेळायला नको?" एवढंच. मला खेळता येईना. डावीकडे चार बटणं, ती वरून पडणारा ठोकळा इकडेतिकडे न्यायची, उजवीकडे एक मोठं बटण, ते ठोकळा फिरवायचं. माझी बोटं गडबडायची, ठोकळे पार वरपर्यंत साचायचे. तुम्ही लांबून बघत होता, शेवटी राहवेना. "आण हिकडं. तू नुसतं फिरव, न्यायाचं मी बगतो."

मला अजून दिसतंय. आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलोय, डबा दोघांच्या मधे, डावी बाजू तुमच्या पंजात, उजवी माझ्या. तुमचा उजवा हात माझ्या पाठीमागून गेलेला. तिथे तो कोणालाच दिसत नाही, माझ्या वेणीखाली दडलेला असतो, आणि ते पट्टीचं बोचकं माझ्या खांद्याला टेकलेलं असतं, आयोडिनचा वास येतो. "दांडा आला, दांडा आला! उभा कर गं!" मी फिरवते. "आता थांब. आता नाय. आता चिकटून हाय भिताडाला." तुम्ही बटण एवढ्या जोरात दाबता की डबा तुमच्या बाजूला खेचला जातो, माझ्या तळव्यात हिसका बसतो, आणि न बघताही मला कळतं की आता डावीकडे चाललाय. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत असते, म्हणते, "भाकर करपंल हितं तुमच्या आरडाओरड्यानं." करपू दे म्हणता तुम्ही.

त्याच उंबऱ्यावर तुम्ही सगळ्यांदेखत जेवायला लागलात. कसं ते कोणी ठरवलं नाही. खेळताखेळता आईने ताट तिथेच आणून ठेवलं, एका हाताने भाकरी मोडेना, मी आपली उजव्या हाताने मोडली, तुम्ही डाव्याने उचलली. आई म्हणाली, "गेम खेळताना नाय लाजत तुमचा डावा, जेवताना बरा लाजतो!" तुम्ही हसलात. कितीतरी दिवसांनी हसलात, बाबा, मी बघतच राहिले. मग कडावला काकांच्या लग्नात पंगतीला बसलो तर एका म्हाताऱ्याने हटकलंच, "डाव्या हातानं रं?" आता उठणार तुम्ही, असं वाटलं. तर तुम्ही माझ्या डोक्यावर कोपराने टपली मारून म्हणालात, "उजवा ह्यो काय, बाजूला बसलाय माजा!" अख्खी पंगत हसली. मी पुरी मोडून तुमच्या पानात ठेवली. त्या दिवसाइतका मान मला आजवर कुठेच मिळालेला नाही.

पुढचं पोरीला माझ्याने सांगवेना, म्हणून आईने सांगितलं. मी कॉलेजात होते तेव्हा लावणीला तुम्ही कडावला गेलात, नको नको म्हणत असताना गेलात, आणि ताप घेऊन आलात. कर्जतच्या डॉक्टरने पनवेलला न्या म्हणून सांगितलं. पण पनवेलच्या दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी खाटेपाशी मी एकटी होते, ते आईलाही माहीत नाही. उजव्या हाताला शीर सापडेना म्हणून सुई डाव्या हाताला लावली होती आणि हात फळीला बांधून ठेवला होता. डोळे पिवळे झाले होते तुमचे. कॉलेजात जाणारी घोडी झाले होते मी, तरी पिशवीत तो गेम घेऊन आलेली.

"आनलास का गं?"

"आणलाय. बरे व्हा, मग खेळू."

"तू खेळ की. मी बगतो."

"आणि डावीकडचं कोण दाबणार?"

"तूच. द्येवानं दोन हात दिलेत ना तुला?"

"मला नाही येत."

"शिक मंग."

"नाही शिकणार," मी म्हटलं. हट्टाने म्हटलं, भीतीने म्हटलं. तुम्ही म्हणालात, "बरं बाय, नको शिकू. डावीकडं मी हाय." नंतर तुम्हाला झोप लागली आणि मी तुमच्या उजव्या बाजूला तुमचा अर्धा पंजा धरून बसले. संध्याकाळी त्यांनी आतल्या खोलीत हलवलं. मग तुम्ही बोललाच नाहीत.

पोरगी तो राखाडी डबा हातात फिरवत ऐकत होती. सेल आत फुटून हिरवे झालेत, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकल्यात, तो आता काही लागणार नाही. डाव्या बटणांवरचे बाण तुमच्या अंगठ्याने पार पुसले गेलेत, उजव्यावरचं अक्षर अजून थोडं दिसतं. तिने त्या पुसलेल्या बटणांवर आपला अंगठा ठेवून बघितला आणि लगेच उचलला. मग नव्या गेमची डावी मूठ अलगद जागेवर बसवली. "सॉरी आई. तू शीक हळूहळू. मी नाही घेणार ती बाजू." मला एवढं भरून आलं की मी भाजी बघायला उठले, भाजी तर केव्हाच उतरवलेली.

तर मी शिकले, बाबा. कामावरून आले, चहा झाला, की अर्धा तास बसते. सुरुवातीला डावा अंगठा दुखायचा, मग ऐकायला लागला. ती पिशवीवाली मुलगी आता ओढे ओलांडून डोंगरापलीकडे गेली, मी एकटीने नेली तिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "ह्यांनी बगाया पायजे व्हतं." मला आनंद झाला असं मी म्हणाले. झाला नाही. तुम्ही म्हणाला होतात नको शिकू, आणि मी शिकून बसले. आता या डब्याला दोन माणसं लागत नाहीत, एक पुरतं. हे कळलं तेव्हा मला तुम्ही नव्याने गेल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांत कोणासमोर बोलले नाही, इथे लिहिते. मला तुमची फार आठवण येते. फार म्हणजे फार.

आणि मग गाड्यांचा खेळ लावला. घाटाचा रस्ता, दोन्हीकडे कठडे, आपल्या खंडाळ्याच्या घाटासारखाच. एका वळणावर माझी गाडी जाऊन डाव्या कठड्याला घासली, आणि डावी मूठ थरथरली. उजवी नाही, फक्त डावी. ही नवी तऱ्हा आहे यांची, ज्या बाजूला धक्का त्याच बाजूला हातात कळतं. माझ्या डाव्या तळव्यात बाहेरून कोणीतरी जोरात दाबल्यासारखा हिसका बसला. मी गेम मांडीवर ठेवला. पाठ ताठ झाली होती माझी, वेणीखाली, जिथे तुमचा हात असायचा तिथे. थोड्या वेळाने परत उचलला.

पोरगी क्लासला गेलीये, आई बाहेर कट्ट्यावर शेजारणीशी बोलतेय, म्हणून हे लिहायला बसले. टाकणार कुठल्या पत्त्यावर? तुमच्या रुमालात, त्या जुन्या डब्याखाली ठेवून देईन. पण एक राहिलं. काल पोरगी माझ्या शेजारी बसून बघत होती. मी पहिल्या नंबरावर होते, सगळ्या गाड्या मागे, शेवटचं वळण. आणि आपटले.

"आई, तू सारखी डावीकडेच का गं आपटतेस? एवढी चांगली चालवतेस, आणि मधेच?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं," मी म्हटलं.

तिला खरं वाटलं. शनिवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. चष्मा ठीक आहे, बाबा. रस्ता मला अगदी स्वच्छ दिसतो.