पिटूला न्यायला येते

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

खोली मिळाली. मी कामाला आहे त्या सोफ्यांच्या कारखान्याच्याच वरच्या मजल्यावर, रस्त्याकडे खिडकी असलेली. पिटूची गादी मी स्वतः शिवली. मालकांनी टाके ओढून पाहिले आणि नुसती मान हलवली, म्हणजे पास.

बाबांमागोमाग आई गेली तेव्हा पिटू जेमतेम रांगत होती आणि मी शाळेत. तू म्हणालीस, तू पायावर उभी राहीपर्यंत हिला सांभाळते. आता राहिले उभी. मामा म्हणाला, एकोणीस वर्षांच्या पोरीने मूल वाढवणं म्हणजे भातुकली नव्हे. मी म्हटलं, सल्ला मागितलाच कुठे होता. तो रुसलाय. रुसू दे. माझी बहीण माझ्याजवळ वाढेल. रविवारी न्यायला येते.

काकांना नमस्कार. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तूच नाव ठेवलेली,
हट्टी

८ मार्च

चि. हट्टीस,
अनेक आशीर्वाद.

शब्द दिला होता, तो पाळते. पिशवी भरून ठेवली आहे. पिटू कान धरून झोपते, स्वतःचा नव्हे, शेजारच्याचा. अंधाराला घाबरते. गाजर खात नाही, मी किसून लपवते.

एक सांगायला हवं. ती मला आई म्हणते. आधी मी दुरुस्त करायचे, मग करवेना. तू मनाला लावून घेऊ नकोस. लहान आहे, विसरेल. तुझे काका सकाळपासून तिच्या तीनचाकीला तेल देत बसलेत. ती कुरकुरत नाही, तरी.

जेवणाची हेळसांड करू नकोस. तुझ्यावरचा जीव काही कमी झालेला नाही.

मावशी

२० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पिटू छान आहे. रडत नाही, हट्ट करत नाही, ताट चाटूनपुसून जेवते, गाजरसुद्धा. कारखान्यात माझ्याशेजारी बसून बटणांचे रंग वेगळे करते. सगळे म्हणतात, इतकं शहाणं मूल पाहिलं नाही. मामालाही कळव.

फोन मात्र काही दिवस करू नकोस. तुझा आवाज ऐकला की ती गप्प होते.

रागावू नकोस, लोभ आटू देऊ नकोस.

हट्टी

२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल पिटूला तुमच्या जिन्याशी सोडून मी वर न येताच निघाले, त्याचा राग मानू नकोस. काकांची हाक ऐकू आली होती.

परवा तिला अंघोळ घालत होते. तिने विचारलं, ताई, मी शहाण्यासारखी वागले ना, मग आता आई मला घरी नेईल ना. असं कोण म्हणालं, विचारलं, तर म्हणाली, कुणीच नाही. एवढीशी पोर. आपलं काहीतरी चुकलं म्हणून आईने देऊन टाकलं, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. गाजर त्यासाठी खात होती. मी तिला टॉवेलात गुंडाळून बसले ते तिचे केस वाळले तरी उठले नाही.

तिला आधी एवढंच सांग की तिची काही चूक नव्हती. आमची आई कोण होती, ते ती मोठी झाली की मी सांगेन. तोवर तूच आई राहा. आणि मामाला जिंकल्यासारखं वाटू देऊ नकोस. मला मूल सांभाळता येत होतं, मावशी. तिचं घर तेवढं होता आलं नाही.

जिना चढताना तिने एकदाही वळून पाहिलं नाही. बरं झालं. वळली असती, तर मी पुन्हा उचलून घेऊन आले असते.

तिला पुरून थोडी माया उरली, तर माझ्यासाठी ठेव.

हट्टी