तुझ्या गाऱ्हाण्यातली ती ओळ

प्रिय दत्ताराम,

तू गेल्यावर आज पहिल्यांदाच तुला लिहितोय. काल आपल्या गृहनिर्माण संस्थेची सत्यनारायणाची पूजा झाली आणि तुझ्या जागी उभं राहून गाऱ्हाणं मी घातलं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. सांगू कोणाला? शाळेत बाकावर शेजारी तूच असायचास.

आठवतं, कवितेच्या तासाला तू नुसते ओठ हलवायचास? गुरुजी जवळ आले की तोंड तुझं आणि आवाज माझा. मी तर इतका हरवलेला असायचो, की खिडकीबाहेरचा समुद्रही चालीवर म्हणतोय असं वाटायचं. तुला एक कविता कधी धड पाठ झाली नाही. पण तू गाऱ्हाण्याला उभा राहिलास, "बा देवा म्हाराजा" म्हणालास, की अख्खं अंगण एका ठोक्यात उत्तर द्यायचं, "व्हय म्हाराजा!" ती चाल कुठून उचलली होतीस रे? गुरुजींकडूनच ना?

सड्यावर, गावावरच्या त्या उघड्या कातळमाळावर, आपली इमारत उभी राहत होती तेव्हा मी संस्थेसाठी एक गीत रचत बसलो होतो. तू घामाघूम होऊन म्हणालास, "कविता मागनं. आदी चिरा उचल." जेटीवरचे हमाल, सुकी मासळी विकणाऱ्या बायका, मी एक शाळेतला कारकून, सगळ्यांनी जांभ्याचे चिरे वाहिले. सरकारने ठरावीक मुदतीसाठी जमीन नाममात्र भाड्याने दिली, देखभालीला दरसाल अनुदान दिलं. बदल्यात अट एकच. घर सोडणाऱ्याने ते मूळ किमतीत संस्थेला परत द्यायचं आणि संस्थेने ते कमी कमाईच्या कुटुंबालाच द्यायचं.

तुला ती अट इतकी आवडली की तू ती गाऱ्हाण्यातच घातलीस.

दत्ताराम, ती मुदत आता संपली. अनुदान थांबलं, जमिनीचं भाडं पुरं द्यावं लागतंय, आणि सरकारची अटही त्याबरोबर गेली. आता ज्याला वाटेल त्याने वाटेल त्याला घर विकावं. दलालांच्या गाड्या सडा चढून येतात, लोक गच्चीवर उभे राहून समुद्र किती दिसतो ते बघतात. इकडे मासिक वर्गणी वाढली, आणि ती गोळा करायचं काम माझ्याकडे. कॅनिंगच्या कारखान्यात आंबे कापणारी आपली यमुना, तिची वर्गणी थकलीय म्हणून, समोरून मी आलो की जिना चढायचं सोडून विहिरीकडे वळते. माझ्यापासून तोंड लपवायची वेळ यावी तिच्यावर?

तुझ्यावर एक राग आहे, तो बोलूनच टाकतो. ती अट संस्थेच्या लेखी नियमांत, उपविधीत, का नाही घालून घेतलीस? मी तेव्हा म्हटलं होतं. तू हसलास. "देवासमोर सगळी व्हय म्हनतात. आनि काय पक्कं करायचं?" आणि आम्ही सगळे तुझ्या त्या हसण्यावर विसंबलो.

काल सकाळी तुझा प्रकाश आला, पूजेसाठी मुंबईहून. माझ्या पायरीवर बसून म्हणाला, "काका, ती घराची ओळ या वर्षी गाळा. रविवारच्या सभेत तोच विषय आहे. उगाच देवाला मध्ये कशाला आणायचं?"

"तुझ्या बाबांची ओळ आहे ती."

"बाबांच्या पाठीशी सरकार होतं. आता गच्ची गळते. गाऱ्हाण्याने स्लॅब दुरुस्त होत नाही, काका."

स्लॅबचं तो खरंच बोलत होता. विरारला भाड्याच्या खोलीत मुलं वाढवतोय. इथलं तुझं घर चांगल्या भावाने गेलं तर त्याचं स्वतःचं होईल, वहिनींना घेऊन जाता येईल. तोही घरच मागतोय ना? त्याला लोभी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

संध्याकाळी उभा राहिलो. पाऊसपाणी, मुलंबाळं, दर्यावर गेलेली माणसं, सगळ्यांसाठी मागितलं आणि अंगणाने ठोक्यात साथ दिली. मग तुझी ओळ म्हटली. "ह्या घरांतून जो कोण उठेल त्यानं चावी संस्थेच्या हाती ठेवावी, नि तिथं गरजवंताचंच बिऱ्हाड यावं, अशी बुद्धी दे रे म्हाराजा!"

कोणीच बोललं नाही. इतक्या वर्षांत ती जागा कधी रिकामी ऐकली नव्हती. कविता म्हणताना पुढची ओळ विसरावी आणि सगळा वर्ग आपल्याकडे बघत राहावा, तसं झालं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वहिनींचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." एकटीचा. मग यमुनाचा. मग इकडून तिकडून काही. अर्धं अंगण गप्पच राहिलं.

प्रसाद वाटताना प्रकाशने हळूच विचारलं, "आई, तुला माझ्याकडे यायचंच नाही का?"

"येन की," वहिनी म्हणाल्या. "पन चावी तुज्या बापसानं सांगितलंन तिकडंच ठेवीन."

तो प्रसादाचं ताट उचलून पुढच्या माणसांकडे वळला. त्याचं मन काय म्हणत होतं, मला कळलं नाही.

उपविधी बदलायला दोन तृतीयांश माणसं लागतात. गप्प राहिलेली अर्धी कुठे वळतील? आणि वळली तरी जमिनीचं भाडं कुठून येणार? तू अडलेल्याला म्हणायचास, "पैशे नायत? मग हात दे," आणि टाकी धुऊन घ्यायचास, पावसाआधी रान काढून घ्यायचास. तेवढ्याने भागेल का आता? माहीत नाही. कमावत्या घरांनी थोडं जास्त उचलावं आणि अडलेल्यांनी हात द्यावा, हे मी सभेत मांडणार आहे.

तुला वचन देतो. रविवारपर्यंत एकेक दार ठोठावीन, पहिलं तुझंच; प्रकाश सभेपर्यंत तिथेच आहे. सभेत तुझी ओळ उपविधीत घालायला उभा राहीन, साध्या गद्यात, एकही यमक न जुळवता. आणि हरलो, तरी पुढच्या पूजेला ती पुन्हा म्हणेन. उत्तर द्यायला एकट्या वहिनी उरल्या, तरीही.

तुझ्या वाटची कविता अजून म्हणणारा,
विश्वनाथ