आधी प्रमाणपत्र, मग पाणी

सोम. १२ जाने. १९९८, गाझियाबाद

सुट्टी संपली. धुक्यात बसला रस्ता सापडेना, कंडक्टर उतरून पुढे चालत होता. कॉलेज म्हणजे मोहरीच्या शेतात उभी केलेली चार मजली गुलाबी इमारत. या सत्रात मला नवा विषय: केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला क्वालिटी मॅनेजमेंट, आयएसओ ९०००. घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी पुण्यात औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते, म्हणून माझ्या गळ्यात.

पहिला प्रश्न विचारला, क्वालिटी म्हणजे काय? मागच्या बाकावरून तोमर (हापूडकडचा, उंच, कायम मफलर): "मॅडम, क्वालिटी मतलब इम्पोर्टेड." टाळ्या.

गुरु. १५ जाने.

संक्रांतीचे तिळगूळ वर्गात वाटले. "गोड बोला"चा अर्थ सांगितला, तर बोलणंच बंद झालं, सगळे चघळत बसले. बरं झालं.

आजचा धडा: जे करता ते लिहा, जे लिहिलंय ते करा. सराव म्हणून चहाची कृती लिहायला दिली. भावी इंजिनीअर. एकाने पाणी किती अंशावर उकळतं ते अर्धं पान लिहिलं आणि पत्ती विसरला. तोमरचं उत्तर:

१. माँ को आवाज़ दो.
२. इंतज़ार करो.
चहा न आल्यास: फिर आवाज़ दो.

आधी चिडले. मग वाटलं, हा करतो तेच लिहितोय की! पूर्ण मार्क दिले. नवऱ्याला, श्रीला, रात्री वाचून दाखवलं. तो जरा जास्तच हसला. त्याची कृती वेगळी नाही.

शुक्र. २३ जाने.

डायरेक्टर भाटियाजींनी (यापुढे भा.) बोलावलं. चेअरमनचे मेहुणे, आधी टाइल्सचा धंदा. कॉलेजलाच आयएसओ प्रमाणपत्र हवंय, ॲडमिशन सुरू व्हायच्या आत. ऑडिटर १२ फेब्रु.ला येणार. कापडी बॅनर रंगवून तयारसुद्धा! "आप तो एक्सपर्ट हैं, मॅडम. मॅन्युअल लिख डालिए." आणि मग हळूच: "हो गया तो जून से आप परमनंट."

माझं कंत्राट मेपर्यंत. लगेच हो म्हटलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की बॅनर आधीच तयार, म्हणजे जे होत नाही तेही लिहावं लागणार...

असो.

गुरु. २९ जाने.

वर्गालाच कामाला लावलं. मुलं लॅबमध्ये फिरून काय-काय कसं चालतं ते लिहून आणतायत. ॲसिड अंगावर सांडलं तर ज्याखाली उभं राहायचं, त्या इमर्जन्सी शॉवरची साखळी तोमरने ओढली. धूळ आणि चिमणीच्या काड्या. पाइप आहे, पण वरची टाकी फक्त सकाळी भरते आणि आठपर्यंत रिकामी होते.

भा.ना सांगितलं. ते म्हणाले, "लिखिए, चौबीस घंटे पानी."

"पण सर, पानी है नहीं."

"मॅडम, लिखने में पानी कहाँ लगता है?"

लिहिलं. तोमरने वाचलं. "मॅडम, ये तो हम करते नहीं." म्हटलं, हो जायेगा, प्लंबर येतोय. नजर मात्र वर करवेना.

गुरु. ५ फेब्रु.

प्लंबर आला. शॉवरकडे बघितलं, चहा प्यायला, गेला. भा. कुंड्या भाड्याने आणण्यात गर्क. मुलांना त्यांची शिकवणी: ऑडिटर काहीही विचारो, म्हणायचं "हाँ जी, बिल्कुल."

मी तीन बादल्या विकत आणून भरून लॅबच्या कोपऱ्यात ठेवल्या. मॅन्युअलमध्ये नाहीत.

मुक्ता (वय सात) घरी म्हणाली, "आई, तू गुस्सा का आहेस?" रागावलीस म्हण, असं रागावून सांगितलं.

बुध. ११ फेब्रु.

तास संपताना तोमर: "मॅडम, कल सच बोलना है या मॅन्युअल?"

दारात भा.चा शिपाई. जून महिना डोळ्यासमोरून गेला. म्हटलं, "जो करते हो, वो बोलो."

श्रीला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर केलंस. पण आजच का?"

गुरु. १२ फेब्रु.

ऑडिटर आले. खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, माकडटोपी शेवटपर्यंत काढली नाही. दुपारपर्यंत सगळं "हाँ जी, बिल्कुल." मग लॅब. सगळ्यांना सोडून बोट तोमरकडे. ॲसिड सांडलं तर?

"सर, शॉवर के नीचे जाते हैं."

"पानी आता है?"

"आता है सर. सुबह आठ तक."

"और एक्सिडेंट दस बजे हुआ तो?"

तोमरने प्रामाणिकपणे विचार केला. "नहीं सर, आठ से पहले करना पड़ेगा."

भा. खोकू लागले. तोमर पुढे: "वैसे मॅडम ने बाल्टियाँ रखवाई हैं. लिखी नहीं हैं, पर हैं."

"बिल्कुल! बाल्टियाँ!" भा. जोरात. ऑडिटरनी वाकून बादलीत बोट बुडवून बघितलं. टोपीआड हसले की काय, कळलं नाही. निकाल: शॉवरवर मोठा शेरा, प्रमाणपत्र तूर्त नाही. महिन्याभराने पुन्हा येणार, पाणी बघायला. जाताना म्हणाले, मुलांना विषय समजलाय.

शुक्र. १३ फेब्रु.

बॅनर घडी करून कपाटात. भा. एवढंच म्हणाले, "आपने बच्चों को कुछ ज़्यादा ही पढ़ा दिया." परमनंटबद्दल चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही. मात्र प्लंबर आज दोन माणसं आणि खरे पाइप घेऊन आला. मोहरीतून चर खणला जातोय. मुलं भोवती उभी राहून त्याला सूचना देतायत, बिचारा.

सोम. १६ फेब्रु.

वर्गात बसायला जागा नाही. मेकॅनिकलची मुलंसुद्धा मागे उभी. त्यांना हॉस्टेलच्या मेसचं ऑडिट करायचंय. गलका थांबवते तोच दारात भा. स्वतः, मफलर गुंडाळून. ते शेवटच्या बाकावर तोमरशेजारी जाऊन बसले.

आजचा धडा क्रमाने आलेला, मी मुद्दाम निवडला नव्हता. फळ्यावर लिहिलं: वरिष्ठांची जबाबदारी. अक्षर तिरकं गेलं.

"बोलिए, मॅडम, बोलिए," भा. म्हणाले.

मी बोलले, सुरुवात शॉवरपासूनच.