डीपीच्या खड्ड्याला मोठी माय पाणी घालते

ती. राधाकिशनदादांस,

नेकनूरहून धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे बद्रीनाथचा, साष्टांग नमस्कार. (जमीन लई तापलेली आहे, तेव्हा उभ्यानंच घातला असं समजा.) वहिनींची कंबर कशी आहे? तुमची टोळी अजून त्याच कारखान्याच्या फडात आहे असं मुकादमाच्या माणसाकडून कळलं, म्हणून पत्र तिकडच्या पत्त्यावर टाकतो. इकडची खुशाली म्हणाल तर पाऊस नाही, टँकर दोन दिवसांआड येतो, आणि मी अजून नोकरीत आहे. यातल्या शेवटच्या गोष्टीचा भरवसा सगळ्यात कमी.

दिवाळीला ऊसतोडीचा कोयता बांधून निघताना तुम्ही विचारलं होतं, की वीज सोसायटीत मी नेमकं करतो काय. तेव्हा गाडी सुटली, म्हणून आता सांगतो. आपली सोसायटी घाऊक वीज घेते आणि आसपासच्या गावांना विकते. वीज विकणाऱ्याला वीज नियामक आयोगाचे नियम लागू. ते नियम पाळले जातात का हे बघायला एक माणूस ठेवावा, हाही एक नियम, आणि तो माणूस मी. आता असं बघा, ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला महिन्याला एक बैठक घ्यावी लागते. तक्रारीला कुणी येईना (केसरबाई तेवढी आली, पाऊस पडत न्हाई त्याची तक्रार घेता का म्हणाली). बैठक रिकामी गेली तर वरून विचारणा होते, म्हणून चेअरमन मोहनरावांनी आपले सासरे पंडितराव यांनाच कायमचे तक्रारदार नेमले. ते दर महिन्याला येतात, पंखा हळू फिरतो म्हणतात, चहा घेतात आणि आम्ही तक्रार निकाली काढतो. पंखा काही जोरात फिरत नाही. मागच्या बैठकीला म्हातारा खरोखर चिडला, आणि आता आमच्याविरुद्ध आयोगाकडे जाणार आहे.

असो. हसायचं तेवढं हसून घ्या, कारण पुढचं मला हसत लिहिता येत नाही.

महिन्यापूर्वी पत्र आलं, की विद्युत निरीक्षक सगळ्या डीप्यांची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरांची, अर्थिंग तपासायला येणार. डीपीशेजारी मीठ-कोळशाचा खड्डा असतो, तो ओला राहिला तर वीज जमिनीत नीट उतरते. खड्डे ओले ठेवणं हे सोसायटीचं काम, पण आपल्याकडं ते पहिल्यापासून बायकांनी केलं, घरटी एक पाळी, पाळीला एक घागर. यंदा माणसाला प्यायला नाही, तर पाळी कोण धरणार? मोहनराव मला म्हणाले, टँकरवरून घ्या. मग मी, सोसायटीचा नियमपालन अधिकारी, इस्त्रीच्या शर्टात दोन घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलो. बायकांनी विचारलं, पावणे आले का घरी? मी खरं ते सांगितलं, की जमिनीत ओतायचंय. त्यांनी माझ्या घागरी तेवढ्या उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवल्या, आणि नंबर आला तेव्हा टँकर कोरडा होता.

सगळ्या वस्त्यांच्या डीप्या नापास झाल्या. पास झाली फक्त आपल्या वस्तीवरची. निरीक्षकांनी दोनदा मोजून बघितलं. खड्डा ओला होता. मग मला कळलं, की आता सगळ्या घरांची पाळी तुमची आई, आपली मोठी माय, एकटी धरते.

दादा, त्या दिवसाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. गेल्या चैत्रात तुमच्या पाठचा उत्तरेश्वर याच डीपीवर शॉक लागून गेला, आणि त्या दिवशी पाळी मोठ्या मायची होती. घरात एकच घागर होती. तिनं ती ओतली नाही, लेक वायरमनचं काम करून उन्हाचा तहानलेला येईल म्हणून झाकून ठेवली. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलंय, की खड्डा कोरडा राहिला म्हणून पोरगं गेलं. आता टँकरचं पाणी मिळालं, की आधी खड्डा, मग उरलं तर चूल, आणि सगळ्यात शेवटी ती.

मागच्या सोमवारी ती डीपीपाशीच चक्कर येऊन पडली. मी मोटारसायकलवर मधे बसवून इथं दवाखान्यात आणली. डॉक्टर म्हणाले, म्हातारीच्या अंगात पाणीच नाही, आणि सलाईन लावलं. शुद्धीवर आल्यावर तिनं बाटलीकडं बघत नर्सबाईंना विचारलं, "ह्यात मीठ असतंय ना बाई? मग उरलेलं संगं द्या, खड्ड्याला चांगलं हाय." सगळा दवाखाना हसला. मीही हसलो, आणि बाहेर येऊन मोटारसायकल पुसत बसलो. मोटारसायकल स्वच्छच होती.

मी तिला घरी बसून समजावलं, की खड्ड्याचा काही संबंध नाही. उत्तरेश्वरनं डीपीचं हँडल खाली ओढलं, पण वरचं एक पातं चिकटून राहिलं आणि लाईन चालूच राहिली. ते पातं बदला म्हणून त्यानं स्वतः दोनदा सांगितलं होतं, सोसायटीनं बदललं नाही. मोठी माय सगळं ऐकून म्हणाली, "तू सोसायटीचा माणूस, बाबा. तुला आसंच बोलावं लागतंय." आणि घागर उचलून निघाली. इकडं निरीक्षकांनी त्या अपघाताचा अहवाल मागितलाय, तर मोहनराव मला म्हणतात, कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहा. शिवाय ते अर्थिंगवर इतके खूश आहेत, की मोठ्या मायचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा म्हणतात, म्हणजे तिनं असंच चालू ठेवावं. मी नको म्हणालो, तर विचारतात, कावून?

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. जपून राहा.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. मी निरीक्षकांना पात्याचं खरं ते लिहून देऊन टाकलंय. तेव्हा मुकादमाला हळूच विचारून ठेवा, उसाला कधी हात न लावलेला, पण नियम पाठ असलेला माणूस टोळीत चालेल का.

आणखी एक. पत्राचं खरं कारण हे, की तुम्ही मोठ्या मायला चार ओळी लिहा. थोरल्या लेकाचं ती ऐकेल. मी वाचून दाखवीन. पात्याचंच लिहा, खड्ड्याचं नाव काढू नका.

तिसरं. पत्र बंद करतच होतो, तेवढ्यात मोठी माय आली. तुम्हाला लिहितोय म्हटल्यावर खाली बसली, आणि तिनं सांगितलं ते तसंच उतरवून घेतलंय. "त्याला लिही, तुमच्या फडातल्या कोपीजवळ डीपी आसंल तर रोज तांब्याभर पाणी घालीत जा. पन तिकडंबी पान्याची तंगी आसंल तर नको घालू, लेकरा. आधी तू पी. त्यात काई पाप न्हाई." दादा, वर पात्याचं लिहा म्हणालो ते राहू द्या. मोठ्या मायला एवढंच लिहून धाडा, तिच्याच शब्दांत.